सहा कामं, एक रस्ता आणि शनिवार: लोणीतून मिस्टरी शॉपिंगचा दिवस कसा आखायचा

हा भाग ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मी जे तीनदा बोललो ते इथे एकदाच ठेवलंय, आणि मागून येणारा टँकरचा हॉर्न कापलाय. लोणी काळभोरमध्ये राहून पॉडकास्ट रेकॉर्ड करायचं म्हणजे तेल डेपोचे टँकर हे आपले कायमचे पाहुणे कलाकार.

तर विषय असा आला. गेल्या आठवड्यात एका श्रोतीने व्हॉइस नोट पाठवली. आपल्याच गावात राहते, इथेच कॉलेजला आहे. "दादा, मी मिस्टरी शॉपिंगची कामं घेते. येत्या शनिवारी सहा मिळालीत. सगळी केली तर १९५० रुपये होतात. लॅपटॉपचा हप्ता माझा मीच भरते, म्हणून एकही सोडायचं नाहीये. मॅपमध्ये सहाही ठिकाणं टाकली, पण क्रम काय लावू कळत नाही. तुम्ही सॉफ्टवेअरवाले आहात, सांगा ना."

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. कंपन्यांना आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला कशी वागणूक मिळते ते बघायचं असतं, म्हणून एजन्सीमार्फत साध्या गिऱ्हाइकासारखं कुणाला तरी पाठवतात. तुम्ही जायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, कधी काही विकत घ्यायचं, बिल आणि फोटो जपायचे आणि घरी येऊन लांबलचक फॉर्म भरायचा. प्रकार जुना आहे, अमेरिकेत १९४० च्या दशकात सुरू झाला. आणि हो, काम देण्याआधी "रजिस्ट्रेशन फी" मागणारा किंवा तुमच्या खात्यात पैसे टाकून ते पुढे पाठवायला सांगणारा कुणी भेटला तर तो चोर आहे. नंबर ब्लॉक करा आणि पुढे चला.

मीसुद्धा हे काम केलंय. दोन नोकऱ्यांच्या मध्ये पाच महिने घरी होतो. ऑफर लेटर हातात होतं, पण जॉइनिंग पुढे पुढे ढकललं जात होतं. तेव्हा पहिल्याच मोठ्या दिवशी मी सात कामं घेतली. इंजिनिअर माणूस, मग काय, पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. सात ठिकाणं म्हणजे ५०४० क्रम, कॉम्प्युटरला चुटकीसरशी. सगळ्यात कमी किलोमीटरचा क्रम काढला आणि रुबाबात निघालो. एका हॉटेलात जेवणाचं ऑडिट होतं, वेळ दुपारी साडेबारा ते तीन. मी पोचलो तीन वाजून पाच मिनिटांनी. आत घेतलं, जेवलो, बिल आलं ६४० रुपये. बिलावर वेळ छापलेली. एजन्सीने रिपोर्ट नाकारला, फी गेली, आणि ते ६४० रुपये माझ्याच खिशातून गेले. त्या दिवशी माझा रस्ता किलोमीटरच्या हिशोबाने अगदी बिनचूक होता.

चुकीचा प्रश्न बिनचूक सोडवला होता मी, एवढंच. आणि लोणीत राहणाऱ्याला तर तो प्रश्न सोडवायची गरजच नसते. का, ते बघा.

आपलं गाव सोलापूर रोडवर आहे. पुण्याकडे निघालात की कदमवाकवस्ती, कवडीपाट, शेवाळवाडी, मांजरी फाटा, पंधरा नंबर, गाडीतळ, मगरपट्टा चौक, वैदूवाडी, रामटेकडी, फातिमानगर, पुलगेट. सगळं एका दोरीत ओवल्यासारखं. दुसऱ्या बाजूला थेऊर फाटा, कुंजीरवाडी, उरुळी कांचन. म्हणजे आपला नकाशा हा नकाशा नाहीच, ती एक रेघ आहे. रेघेवरची दहा कामं घ्या नाहीतर तीन, तुमचे किलोमीटर ठरवतं फक्त सगळ्यात लांबचं काम. तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं. मधली सगळी ठिकाणं वाटेतच येतात, त्यांचं अंतर फुकट.

कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी ट्रॅव्हलिंग सेल्समनचा प्रश्न ऐकला असेल: सगळी गावं फिरून कमीत कमी अंतरात घरी या. कठीण म्हणून जगप्रसिद्ध. पण सगळी गावं एका रेघेवर असली तर तो प्रश्न शाळकरी मुलगाही सोडवेल. आता गंमत ऐका. त्याच रेघेवरच्या प्रत्येक गावाला "अमुक ते अमुक वाजताच या" अशी अट लावली, की प्रश्न परत तितकाच कठीण होतो. जॉन त्सित्सिक्लिस नावाच्या प्राध्यापकांनी १९९२ मध्ये हे सिद्ध केलं. मला हे बीटेकला कुणी सांगितलं असतं तर ६४० रुपये वाचले असते.

थोडक्यात, लोणीकराला नडतं ते घड्याळ, रस्ता नाही.

आता तिची सहा कामं बघू. कंपन्यांची नावं अर्थातच घेणार नाही, गुप्त ठेवायचा करार असतो. कदमवाकवस्तीजवळ पेट्रोल पंप, सकाळी आठ ते दुपारी बारा, २०० रुपये. कॅम्पात खासगी बँकेची शाखा, दहा ते एक, ४०० रुपये. फातिमानगरला फास्ट फूड, साडेबारा ते अडीच, १५० रुपये आणि जेवणाचं बिल वेगळं परत. गाडीतळाला मोबाइलचं दुकान, अकरानंतर कधीही, ३५०. मगरपट्ट्याच्या बाजूला मॉलमध्ये कपड्यांचं दुकान, चार ते आठ, कारण कंपनीला गर्दीच्या वेळची वागणूक बघायची होती, ४००. आणि कोथरूडला चष्म्याचं दुकान, संध्याकाळी पाच ते आठ, ४५०. हे सगळ्यात जास्त पैशांचं, म्हणून तिचं आवडतं.

मी तिला म्हटलं, मॅप बंद कर आणि वहीचं पान आडवं घे.

ही पद्धत माझी नाही, रेल्वेची आहे. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसमध्ये एक तक्ता असतो. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी होते, वेगात असेल तर रेघ जास्त उभी दिसते. तुम्हीही तसंच करा. खाली लोणी, वर कॅम्प, मध्ये गाडीतळ, मगरपट्टा, फातिमानगर. आडवे तास, सकाळी आठ ते रात्री दहा. मग प्रत्येक कामाची वेळ त्या त्या ठिकाणासमोर जाड पट्टीने रंगवा. आता तुमचं काम एवढंच: लोणीतून निघून एक न तुटणारी रेघ अशी ओढा की ती प्रत्येक पट्टीला कुठेतरी शिवेल आणि परत लोणीत येईल. पान बघितल्यावर निम्मी उत्तरं आपोआप दिसतात.

तिच्या पानावर काय दिसलं? बँक सगळ्यात लांब आणि सगळ्यात लवकर. म्हणजे वाटेत फार न रेंगाळता आधी टोक गाठायचं आणि कामं परतीला करायची. पंप तेवढा जाताना. त्याला अजून एक कारण आहे. सोलापूर रोडला दुभाजक आहे. पंप पुण्याकडे जाताना डाव्या हाताला असेल तर तो जातानाच करायचा. परत येताना करायचा म्हणजे पुढे जाऊन यू-टर्न, पंप, मग उलट दिशेला तोंड, पुन्हा यू-टर्न. अमेरिकेत युपीएस कंपनी आपल्या ड्रायव्हरना डावीकडची वळणं टाळायला सांगते, कारण तिथे गाड्या उजवीकडून चालतात आणि डावीकडे वळताना समोरच्या ट्रॅफिकसाठी थांबावं लागतं. आपल्याकडे तोच नियम उजव्या वळणाला. डाव्या बाजूची कामं जाताना, उजव्या बाजूची येताना. मॅपवर दोन ठिकाणं समोरासमोर दिसतात, पण दुभाजक असला की ती शेजारी नसतात, हे आधी मनात पक्कं करा.

तर साडेआठला घरून, पंप पावणेनऊ, नऊला तिथून पुढे. कॅम्पपर्यंत हडपसर ओलांडून तास धरला. शनिवार असला तरी धराच. दहा-सव्वादहाला बँक, पावणेअकराला बाहेर. आता फास्ट फूडची वेळ साडेबाराला उघडते, तोवर पावणेदोन तास. नवीन माणूस इथे घाबरतो, वेळ वाया चाललाय असं वाटतं. तो वेळ वाया नाही, तो रिपोर्टचा वेळ आहे. मिस्टरी शॉपिंगमधलं अर्धं काम फॉर्म भरण्याचं असतं, आणि लोक रूट आखताना नेमकं तेच धरत नाहीत. बँकेचा रिपोर्ट बँकेतून निघाल्यावर तासाभरात लिहिला तर कॅशियरच्या टेबलावर काय होतं तेही आठवतं. रात्री लिहिला तर बँकेतली मॅडम आणि मॉलमधली मॅडम एक होऊन जातात. माझ्या बाबतीत झालंय. दोन मोबाइल दुकानं लागोपाठ केली आणि एका सेल्समनचं नाव दुसऱ्याच्या रिपोर्टात टाकलं. तेव्हापासून एकाच प्रकारची दोन दुकानं पाठोपाठ ठेवत नाही, मध्ये काहीतरी वेगळं घुसवतो. बाहेर पडल्या पडल्या स्वतःलाच व्हॉइस नोट पाठवायची: नाव, वेळ, पहिलं वाक्य काय बोलले. दुकानाच्या दारात नाही हं, कोपऱ्यावर जाऊन.

साडेबाराला फातिमानगर, सव्वाएकपर्यंत जेवण आणि बिल. आता दोन कामं उरली, मॉल आणि मोबाइलचं दुकान. रेघेवर मगरपट्टा आधी येतं, गाडीतळ नंतर. सरळ विचार सांगतो की आधी मॉल, मग घराकडे जाताना मोबाइल. पण मॉलची पट्टी चारला उघडते. म्हणजे मॉलमध्ये दोन-अडीच तास बसायचं, चारला दुकान, मग पाचला गाडीतळ, आणि शनिवार संध्याकाळच्या गर्दीत साडेसहाला घर. त्याऐवजी थोडं पुढे जा. मगरपट्टा चौक सोडून गाडीतळाला पावणेदोनला पोच, मोबाइलचं काम उरक, मग एक-दीड किलोमीटर उलटी मागे येऊन मॉलकडे वळ. पावणेतीन ते चार फूड कोर्टात बसून रिपोर्ट, चार्जिंगपण होतं. चारला दुकान, पावणेपाचला बाहेर, साडेपाचच्या सुमाराला घरी. अंतर दोन-तीन किलोमीटर जास्त आणि वेळ तासभर कमी. कुठलंही "जवळचं ठिकाण आधी" सांगणारं अ‍ॅप हे सुचवणार नाही.

मॅप्सबद्दल एवढंच सांगतो: तुम्ही टाकलेल्या ठिकाणांचा क्रम तो स्वतःहून बदलत नाही, तुम्ही द्याल त्याच क्रमाने नेतो. त्याचा खरा उपयोग दुसरा आहे. दोन-दोन ठिकाणं टाकून निघायची वेळ पुढची द्या, म्हणजे शनिवारी संध्याकाळी पाचला किती वेळ लागेल त्याचा अंदाज मिळतो. ते आकडे आपल्या तक्त्यात भरा. सकाळी आठला घरी बसून बघितलेला वेळ संध्याकाळच्या कामाला लावायचा नाही.

राहिलं कोथरूड. हे आपल्या रेघेवर नाहीच, रेघेचं टोक संपल्यावर पलीकडे. मॉलमधून पावणेपाचला निघाली तर कोथरूडला पोचेपर्यंत सहा. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घ्यायचा होता, म्हणजे रांग. अर्धा-पाऊण तास, नाहीतर दीडही. तिथून लोणी पंचवीस किलोमीटरच्या पुढे. घर साडेआठ, नाहीतर साडेनऊ. वर मॉलच्या रिपोर्टची मुदत रात्री दहा.

मग आम्ही हिशोब मांडला. पाच कामांचे १५०० रुपये, शंभरेकाचं पेट्रोल गेलं, घराबाहेरचे नऊ तास आणि घरी एक तास रिपोर्ट. तासाला १४० च्या आसपास. कोथरूडचे ४५०, त्यातून जास्तीचं पेट्रोल पंच्याहत्तर, उरले ३७५. त्यासाठी जास्तीचे निदान साडेतीन तास. तासाला १०७, आणि रांग लांबली तर शंभराच्याही खाली. चिठ्ठीवर सगळ्यात महाग दिसणारं काम तासाच्या हिशोबात सगळ्यात स्वस्त निघालं. शिवाय उशीर झाला तर मॉलचे ४०० धोक्यात. अभ्यासाच्या भाषेत याला ओरिएंटिअरिंग प्रॉब्लेम म्हणतात, जंगलात नकाशा घेऊन धावायच्या खेळावरून नाव पडलंय: सगळ्या ठिकाणी जायचंच नसतं, दिलेल्या वेळात कुठे जायचं ते निवडायचं असतं. तिचा मूळ प्रश्न "सहाचा क्रम काय" हा होता. मी म्हटलं, आधी "सहा की पाच" ते ठरव.

ती नाराज झाली. साहजिक आहे. हप्ता काही तासाच्या दराने कापला जात नाही. पण एक गोष्ट तिलाही माहीत होती, की या कामाचे पैसे काही आठवड्यांनी येतात आणि जेवणाचं बिल आधी आपल्याच खिशातून जातं. महिनाअखेरीचा हप्ता या शनिवारच्या पैशांवर अवलंबून ठेवायचाच नाही, हे मी तिला जरा जोरातच सांगितलं.

मग मी सहज विचारलं, शनिवार किती तारखेचा? म्हणाली, बारा.

मंडळी, बारा तारखेचा शनिवार म्हणजे दुसरा शनिवार. २०१५ च्या सप्टेंबरपासून देशातल्या बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. कामाच्या माहितीत "सोमवार ते शनिवार, दहा ते एक" असं छापलेलं होतं, कुणीतरी जुना साचा चिकटवलेला. लक्षात ठेवायला सोपं आहे: आठ ते चौदा तारखेतला शनिवार दुसरा, बावीस ते अठ्ठावीसमधला चौथा. ती साडेआठला निघून कॅम्पात बंद शटरसमोर उभी राहिली असती. पुण्यात दुपारी एक ते चार दुकान बंद असण्यावर आपण विनोद करतो, पण तक्त्यात ती पट्टी पुसायला विसरतो. आपल्या रस्त्याचीही स्वतःची कॅलेंडरं आहेत. संकष्टीला थेऊर फाट्याला गर्दी. आणि आषाढी वारीत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम आपल्याच गावात असतो, तेव्हा पुणे ते लोणी रस्ता वारकऱ्यांचा. त्या दिवशी रेघेवरचं एकही काम घेऊ नका, दर्शनाला जा.

बँक गेली आणि बघा काय झालं. सगळ्यात लांबचं टोक कॅम्पवरून फातिमानगरवर आलं. आता साडेआठला निघायचं कारणच नाही. सव्वाअकराला निघाली, बाराच्या आत पंप, साडेबाराला फास्ट फूड, मग मोबाइल, उलटी मागे मॉल, साडेपाचला घरी. ११०० रुपये, पेट्रोल वजा जाता हजाराच्या वर, घरचा रिपोर्ट धरून सव्वासात तास. तासाचा दर पहिल्या बेताइतकाच, आणि सकाळ मोकळी. एक टोक गळलं की अख्खा दिवस आक्रसतो. म्हणून काम घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: याने माझं टोक बदलतंय का? टोकाच्या आतलं काम शंभर रुपयांचंही परवडतं. टोक पुढे सरकवणारं काम असेल तर त्याने त्या सगळ्या जास्तीच्या रस्त्याचा खर्च एकट्याने काढला पाहिजे, नाहीतर त्याच भागातली दोन-तीन कामं जमेपर्यंत थांबायचं.

कुणी म्हणेल, आम्ही पेठेत राहतो, आमच्याकडे रेघ नाही, चहूबाजूंना गल्ल्या. त्यांच्यासाठी एक सुंदर गोष्ट आहे. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात १९८० च्या दशकात म्हाताऱ्या माणसांना घरपोच जेवण पोचवणारी संस्था होती, कॉम्प्युटर घ्यायला पैसे नाहीत. जॉन बार्थोल्डी आणि लॉरेन प्लॅट्झमन या प्राध्यापकांनी काय केलं, तर अख्ख्या शहरावरून नागमोडी फिरत सगळीकडे पोचणारी एक रेघ कल्पली आणि प्रत्येक पत्त्याला त्या रेघेवरचा नंबर दिला. पत्ते कार्डांवर लिहून नंबरप्रमाणे लावायचे, की झाला रूट. नवीन माणूस आला, कार्ड मध्ये घाला. गेला, काढून टाका. म्हणजे त्यांनी मुद्दाम शहराची रेघ बनवली. आपल्याला ती सोलापूर रोडने आयती दिलीये.

तिने बँकेचं आणि कोथरूडचं काम गुरुवारी संध्याकाळीच अ‍ॅपवरून परत केलं, बँकेचं कारण लिहून. हे वेळेत करायचं. आधी परत केलं तर सहसा चालतं, न सांगता गैरहजर राहिलात तर रेटिंग पडतं आणि पुढची कामं बंद होतात. शनिवारी तिची चारही कामं झाली. मॉलमध्ये दुकान सापडायला वेळ लागला, म्हणून घरी सहा वाजले.

मंगळवारी तिचा मेसेज आला. कोथरूडचं काम कुणीच घेतलं नव्हतं. मुदत जवळ आली की एजन्सी फी वाढवते, तशी ६०० झाली होती आणि वेळही सकाळी अकरापासून मोकळी केली होती. बुधवारी तिला कॉलेज दुपारनंतर नव्हतं. स्कूटी हडपसरला लावून बसने स्वारगेट, तिथून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून वनाजकडे. रिपोर्ट परतीच्या मेट्रोत आणि बसमध्ये टाइप केला. चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय म्हणाली, तेवढं तपासून मिळालं.